येळवशीला मशीन

भालकीहून कमलनगरला जाणाऱ्या जीपमध्ये बसायला जागा मिळणं हे नशीब, आणि मिळालेल्या जागेत मांडीवर लॅपटॉप उघडून बसणं हा शुद्ध आगाऊपणा. विजयश्रीच्या हातून त्या दिवशी दोन्ही झालं होतं.

डिसेंबरची सकाळ सरत आलेली. काच वर न चढणाऱ्या खिडकीतून गार वारा नुसता झोंबत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून ठेवलेल्या तुरीचे तांबूस ढीग, आणि त्यांचा तो कोरडा, किंचित गोड वास जीपभर पसरलेला. तिघांच्या सीटवर पाच माणसं. त्यात कुठल्याशा फाट्यावर एक मावशी मेथीचं भलंमोठं गाठोडं घेऊन चढल्या आणि “सरका की गं बाई” म्हणत विजयश्रीच्या अंगावरच बसल्या म्हणा ना! लॅपटॉप घसरला. तिनं काही विचार न करता तो शेजारच्या तरुणाच्या मांडीवर ठेवून दिला.

“धरा जरा! आन् झाकण लावू नका.”

“कामून?”

“आत माणसं कामाला हायत.”

त्यानं लॅपटॉपकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा लॅपटॉपकडे.

“किती जण?” त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं.

“तिघं.”

“मग जीपवाल्यानं तुमच्याकडून तिघांचं जास्तीचं भाडं घ्यायला पायजे.”

मावशी खो-खो हसल्या. विजयश्रीला खरं तर रागवायचं होतं. पण त्याचा आवाज इतका बसलेला होता की बिचाऱ्याचा विनोदसुद्धा खरवडून बाहेर आल्यासारखा वाटत होता. अशा आवाजावर रागवायचं तरी कसं?

पडद्यावर तीन चौकोन होते आणि प्रत्येकात ओळींमागून ओळी आपोआप उमटत होत्या. तो टक लावून बघत राहिला.

“हे कोण लिहायलंय?”

“एआयचे एजंट. मी काम सांगते, ते प्रोग्राम लिहितेत. एक लिहितो, एक त्याच्या चुका काढतो आन् एक दोघांना काम वाटून देतो. झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, मग हे तिघंबी जागच्या जागी थांबतेत.”

“मंग तू काय करतीस?” मावशींनी मधेच विचारलं.

“मी लक्ष ठेवते. अडले की सांगते.”

“म्हंजी मुकादम की!” मावशींनी निकाल देऊन टाकला.

तो हसला… आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एका हातानं लॅपटॉप सांभाळत त्यानं दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला. “हां काका… न्हाई काका, मशीन आज हलबर्ग्याला हाय… तुमचा नंबर परवा… व्हय, शब्द हाय माझा.” फोन ठेवला की पुन्हा वाजे. “हां अक्का…” पुन्हा. “हां अण्णा…” कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, एकाला तर चक्क दखनीत समजावलं. विजयश्री ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे होत गेले.

“तुम्ही… शिवराज?”

“व्हय. तुम्ही?”

“अहो, सकाळपासनं तुमच्या भालकीच्या ऑफिसात तुमची वाट बघत बसले होते मी! फोन लावावा तर आठवडाभर बिझी. मी विजयश्री. त्या नंबरच्या सॉफ्टवेअरवाली.”

“म्हणजे माझी नोकरी खायला निघालेल्या त्या तुम्हीच?”

“नोकरी नव्हं हो. नुसते तुमचे फोन खाणार हाय मी.”

“मग खावा की…” त्यानं त्या फाटक्या आवाजात हात जोडले, “पोटभर खावा!”

कमलनगर आलं तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. जीपवाल्याला ओरडावं लागलं.

आता हे फोनांचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. कन्नड-मराठी सीमेवरच्या त्या भागातल्या पंचवीस-तीस गावांच्या शेतकऱ्यांनी मिळून तुरीची कंपनी काढली होती. अध्यक्ष जगदेवप्पा. माणूस सज्जन, पण बोलणं असं की ढोल वाजवल्यासारखं. तुरीच्या दिवसांत ही कंपनी राशीची मशिनं आणायची, म्हणजे शेंगा झोडपून दाणे वेगळे करणारी. मशिनं मोजकी आणि तुरी सगळ्यांच्या एकदमच वाळलेल्या. मग आधी कोणाच्या रानात? यावरून सख्खे भाऊ बोलेनासे होत. हे सगळे नंबर लावणारा माणूस एकच, भालकीकडच्या मेहकर गावचा शिवराज. शेतकीचं शिकलेला, पाय जमिनीवर आणि फोन कानाला.

आणि विजयश्री? गुलबर्ग्याच्या कॉलेजात इंजिनियर झालेली, कमलनगरच्या बसस्टँडजवळ वडिलांच्या बी-खताच्या दुकानावरच्या खोलीत बसून कुठकुठली लहानमोठी कामं करणारी. मामांनी तिच्यासाठी पुण्यात नोकरी ठरवून ठेवली होती आणि नव्या वर्षात हजर व्हायचं होतं. पुण्यानं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. पण आपल्या गावात, आपल्या खोलीत, आपल्या डोक्यानं काम करायचं, हे तिनं मनाशी धरलं होतं आणि मनाशी धरलेलं सोडायची तिला सवय नव्हती. जगदेवप्पांनी तिला अट घातली होती. “आठवडाभर मशिनींचे नंबर तुझ्या त्या कॉम्प्युटरनं लावून दाखव. शिवराजचा फोन बंद राहील. जमलं तर कंपनीचं सगळं काम तुला. न्हाई जमलं…”

“तर पुणं,” तिनंच वाक्य पुरं केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून शिवराज दुपारी-दुपारी त्या खोलीवर येऊ लागला. नंबर कसे लावायचे ते सगळं त्याच्या डोक्यात होतं आणि ते डोक्यातनं काढून एजंटांच्या हवाली करायचं होतं. कामाचंच येणं हो! तरी पहिल्या दिवशीचा चुरगळलेला शर्ट दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा झाला, ते खालच्या दुकानातनं सुमनबाईंनी, म्हणजे विजयश्रीच्या आईनं, बरोबर टिपलं.

खोलीत तुरीची भुसकटं आणि चहाचा वास. पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन थेट पडद्यावर यायचं, म्हणून तिनं ओढणी खिडकीला अडकवलेली. सॉफ्टवेअरमधल्या तिघांना तिनं नावं दिली होती. काम वाटून देणारा अप्पा, प्रोग्राम लिहिणारा अण्णा आणि चुका काढणारी अक्का.

“चुका काढणारी बाईच कामून?” शिवराजनं विचारलं.

“कारण लिहिणारा गडी हाय.”

“…चला. पुढं.”

“तुम्ही नियम सांगा. आपण बोलतो तसंच बोला, मी तसंच घालते.”

तो भिंतीला टेकून सांगू लागला. सगळ्यांत पुढं ज्याच्या घरात लग्न ठरलंय तो. बाई माणूस एकटीनं रान बघत असेल, तर तिचा नंबर कुणाच्याही सांगण्यावरनं मागं जाणार नाही. रानाशेजारच्या वस्तीत बाळंतीण असेल, तर वारा उलट्या बाजूचा असेल तेव्हाच मशीन लावायचं, धूळ बाळाच्या नाकात जायला नको. आणि मशीनवाले गडी लांबलांबचे असतात, त्यांचं दोन वेळचं जेवण ज्याची रास त्याच्याकडं.

विजयश्रीची बोटं थांबली. ती त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस वर्षानुवर्षं फोनवर ओरडून आवाज घालवून बसला होता, तो हे सगळं सांभाळत होता म्हणून… आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. तिच्या आत कुठेतरी काहीतरी हललं. अगदी स्पष्ट हललं. आपल्याला हा माणूस आवडायला लागलाय हे तिला त्या क्षणी कळलं आणि तिनं घाईघाईनं चष्मा पुसायला घेतला.

“काय झालं?”

“काही न्हाई. धूळ.”

पडद्यावर अक्काची ओळ उमटली. एकाच गावात दोन घरी लग्न असेल तर आधी कोण?

“लई संशयी हाय तुमची अक्का!”

“म्हणून तर ठेवलीय. सांगा, आधी कोण?”

“ज्याची तारीख आधीची.” मग जरा थांबून, खिडकीकडे बघत तो म्हणाला, “तुमच्या घरात… हाय का कुणाचं लग्न? म्हणजे नंबर पुढं घ्यायला…”

“न्हाई,” ती पडद्याकडे बघतच म्हणाली. “तुमच्या?”

“आई म्हणतीय, पर… पोरगी हो म्हणल का, तेच म्हाईत न्हाई.”

“कोण पोरगी?”

“तेच तर. अजून विचारलं न्हाई.”

ओढणी वाऱ्यानं हलली आणि उन्हाची तिरीप दोघांच्या मधोमध येऊन पडली. मग बराच वेळ दोघंही नियमांवरच बोलली, पण सगळे नियम दोनदोनदा सांगावे लागले.

चाचणीचा आठवडा सुरू झाला. जगदेवप्पांसमोर शिवराजनं फोन बंद करून खिशात घातला. सकाळी उठून अप्पानं कामं वाटली, अण्णानं गावोगावचे नंबर लावले, अक्कानं तपासले आणि शेतकऱ्यांच्या मोबाइलवर निरोप गेले. आपली रास अमुक दिवशी, मशीन अमुक वाजता, चालत असेल तर होय कळवा. होय आले की मशीन आपोआप पुढच्या गावाला. कुणाचं काही अडलं की ते तेवढं विजयश्रीपुढं येई, ती बघून उत्तर देई. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, एकाही बांधावर भांडण नाही! विजयश्रीनं खोलीत एकटीनंच गिरकी घेतली. खालून सुमनबाई ओरडल्या, “अगं, माळवदाची माती पडायलीय मिरच्यांवर!”

आणि शिवराजचा आवाज… तो सुटला हो! फोन बंद, बोलणं कमी, आईच्या हातचा काढा. तिसऱ्या दिवशी तो जिना चढून आला आणि “हाय का मुकादमबाई?” म्हणाला, तेव्हा विजयश्रीला क्षणभर कुणी दुसराच आलाय असं वाटलं. खोल, मऊ, गुळाच्या पाकासारखा आवाज. तिनं काहीतरी कारण काढून त्याच्याकडून पुन्हा सगळ्या गावांची नावं वाचून घेतली. कशाला, ते तिलाच ठाऊक.

आणि मग मंगळवारी सकाळी आभाळ कोसळलं.

जिना धाडधाड वाजवत उद्धवराव वर आले, हातात मोबाइल. वडिलांचा चेहरा बघून ती खुर्चीतनं उठली.

“विजू, हे काय गं? गुरुवारी आपल्या रानात रास लावलीस?”

“व्हय बाबा, आपला नंबर…”

“अगं, गुरुवारी येळवस हाय!”

विजयश्रीचा हात तोंडावर गेला.

येळवस. वेळा अमावस्या. त्या भागात दिवाळीपेक्षा मोठा दिवस. गावं ओस पडतात, दुकानांना कुलपं लागतात, सगळी माणसं आपापल्या रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभारायची, लक्ष्मीची पूजा करायची आणि मग ओल्या दाण्या-पाल्याची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबील असं जेवायचं की संध्याकाळी बैलगाडीत चढवत नाही. त्या दिवशी रानात मशीन लावायचं? लक्ष्मी जेवायला बसलेली असताना तिच्या नाकात धूळ घालायची? असलं पाप आजवर कुणी केलं नव्हतं. आणि विजयश्रीच्या सॉफ्टवेअरनं ते निम्म्या गावांत, तेही वेळेसकट ठरवून टाकलं होतं.

वाईट याचं वाटत होतं की तिला येळवस माहीत नव्हती असं थोडंच होतं? जन्मल्यापासून दर वर्षी आईबरोबर बसून तिनं उंडे वळले होते. शिवराजला माहीत नव्हती? त्यानं सगळं सांगितलं, बाळंतिणीच्या वाऱ्यापर्यंत सगळं, पण येळवस सांगितली नाही. जे पोराटोरांना ठाऊक असतं ते कुणी कुणाला सांगत बसत नाही. एजंटांना कोण सांगणार?

फोन वाजला. जगदेवप्पा. स्पीकर लावायची गरजच नव्हती.

“पोरी! अख्खा तालुका हसायलाय मला! लोक म्हणायलेत, कंपनीनं अमावस्या रद्द केली का? मला आज दिवस मावळायच्या आत सगळं सरळ पायजे. न्हाई तर शिवराजचा फोन चालू. कळलं?”

शिवराज आला तो धापा टाकत. खिशातला बंद फोन त्याच्या हातात होता.

“विजयश्री, माझीच चूक हाय. मी सांगायला पायजे होतं.”

“दोघांचीबी हाय.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज तिनं सांभाळला. “फोन चालू कर. मशिनं चुकीच्या गावाला निघायच्या आत लोकांना सांग. त्यांची रास अडायला नको. माझं… माझं काय, पुणं तर हायच.”

ती ‘करा’ नाही, ‘कर’ म्हणाली होती. पहिल्यांदाच. त्यालाही ते जाणवलं. तो फोनकडे बघत राहिला, मग तो त्यानं टेबलावर पालथा ठेवला.

“न्हाई.”

“शिवराज…”

“दिवस मावळायला येळ हाय अजून. तुझ्या त्या तिघांना सांग येळवस म्हणजे काय. मी सांगतो, तू घाल. तू पुण्याला गेलीस तर…” तो थांबला. “ते नंतर. आधी हे.”

खुर्ची ओढून तो शेजारी बसला. विजयश्रीनं नाक पुसलं आणि अप्पाला लिहिलं, गुरुवारी येळवस, कुठंही रास नाही, सगळे नंबर पुन्हा लाव. तिन्ही चौकोन भरभर पळू लागले. थोड्या वेळानं उत्तर आलं. सगळे नंबर एकेक दिवस पुढं सरकले होते आणि शेवटची काही गावं आठवड्याबाहेर पडली होती. त्यात लग्नाची घरं होती. एक दिवस गेला तो गेलाच, भरून निघत नव्हता. विजयश्रीनं डोकं धरलं.

तेवढ्यात अक्काची ओळ उमटली. नियमाप्रमाणे मशीनवाल्यांचं जेवण ज्याची रास त्याच्याकडे असतं. गुरुवारी कोणाचीच रास नाही. त्या दिवशी ही माणसं कुठे जेवतील?

शिवराजला एवढ्यातही हसू आलं. “घ्या! येळवशीला जेवायची काळजी! अगं, त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्याला हात धरून रानात बसवतेत. पाहुणा आला न्हाई तर लोकांना चुकल्यासारखं होतंय.”

विजयश्री एकदम ताठ झाली.

“परत म्हण.”

“काय?”

“पाहुण्याचं. परत म्हण!”

“…येळवशीला रानात पाहुणा पायजे असतो.”

“आन् मशिनं दर सकाळी एका गावातनं दुसऱ्या गावाला जाण्यात किती येळ घालवतेत?”

“अर्धा दिवस तर जातोच. रस्ते असले… मशीन हळू…” त्याचे शब्द मंदावले. तो तिच्याकडे बघू लागला. त्यालाही दिसलं होतं.

“गुरुवारी रास न्हाई,” ती भराभरा बोलू लागली, “पर गडी जेवायला तर जाऊ शकतेत! ज्याची रास शुक्रवारी, त्याच्या रानात गुरुवारीच पाहुणे म्हणून जायाचं. मशीन बांधाला उभं, गडी कोपीत जेवायला. शुक्रवारी दिवस उगवला की तिथंच रास सुरू, वाटेत येळच जायाचा न्हाई! गेलेला दिवस निम्मा तिथंच भरून निघतोय…”

“आन् उरलेला?”

“त्या दिवशी सकाळी लवकर सुरू करायला मिळतंय म्हणून अजून थोडा… थांब, अण्णाला मोजू दे!”

अण्णानं मोजलं. अक्कानं तपासलं. लग्नाची घरं आठवड्यात आली. अक्का चक्क काहीही बोलली नाही, आणि ही अक्का काही बोलत नाही म्हणजे काय, हे एव्हाना शिवराजलाही कळत होतं.

निरोप मात्र विजयश्रीनं स्वतः लिहिला. शिवराज खांद्यावरून वाकून सांगत होता आणि त्याचा श्वास तिच्या कानाशी येत होता. “चूक झाली, माफ करा. येळवशीला रास नाही. त्या दिवशी मशीनवाले तुमच्या रानात जेवायला आले तर चालेल का? शुक्रवारी दिवस उगवताच तुमची रास.”

पाठव म्हणून तिनं बटण दाबलं आणि दोघं पडद्याकडे बघत बसली. खाली रस्त्यावर बस हॉर्न देत गेली. काहीच येईना. ओढणीमागचं ऊन खाली उतरत होतं. नकळत तिनं त्याचं मनगट धरलं होतं आणि त्यानंही ते सोडवलं नव्हतं.

मग टिंग.

“पाठवा. किती जण?”

पुन्हा टिंग. “होय. आंबील आंबट चालती का विचारा.”

टिंग, टिंग, टिंग. “या की, विचारायलाय काय!” “होय.” “आमच्याकडं कन्नड बोलणारे गडी पाठवा, आजीला गप्पा मारायला पायजे.” “होय.” “दोघं कामून, चौघं पाठवा.”

उद्धवराव पुन्हा जिन्यात आले. “विजू, मला बी आलाय गं. होय दाबलंय मी. तुझ्या आईला सांग, भज्जी जास्तीची करायला.” एवढं बोलून ते जे खाली गेले ते गालातल्या गालात हसत. पोरीचा हात कुणाच्या मनगटावर होता ते त्यांनी पाहिलं होतं.

दिवस मावळायच्या आत एकही नकार आला नाही.

गुरुवारी कमलनगर ओस आणि रानं माणसांनी भरलेली. कोवळं ऊन, हरभऱ्याचा खारट वास, कडब्याच्या कोपीतनं येणारा भज्जीचा दरवळ. उद्धवरावांच्या बांधाला मशीन उभं होतं आणि सुमनबाईंनी त्यालाही हळदीकुंकू लावलं होतं, पाहुणाच तो! मशीनवाले गडी पंगतीला बसलेले, एकजण तर तिसऱ्यांदा आंबील मागत होता. शिवराज त्यांच्याबरोबर आला होता. विजयश्री जांभळ्या साडीत वाढत होती, आणि त्याच्या पानाशी आली की पळी जरा जास्त वाकत होती.

“बास… बास की!”

“पाहुण्यानं बास म्हणायचं नसतंय.”

“मग काय म्हणायचं?”

“गप जेवायचं.”

तेवढ्यात जगदेवप्पा आले. त्या दिवशी ते गावोगावच्या रानांत फिरत होते, आणि फिरणं म्हणजे काय, प्रत्येक कोपीत जेवणं. धापा टाकतच ते घोंगडीवर बसले.

“वाढू नका मला! मरीन मी.” मग त्यांचा ढोल वाजला. “पोरी, जावं तिथं मशीन उभं, जावं तिथं पंगत. म्हातारी माणसं मला म्हणायलीत, गेल्या कित्येक वर्षांत येळवशीला एवढे पाहुणे बघितले न्हाईत. आठवडा अजून संपला न्हाई, पर मला बघायचं ते मी बघितलं. कंपनीचं काम तुझं. सगळ्या गावांचं. आन् इथं बसूनच करायचं, कळलं?”

विजयश्रीला रडूही आलं आणि हसूही. तिनं पळी खाली ठेवली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. शिवराज उठून उभा राहिला होता, हातात अर्धा उंडा. त्याच्या डोळ्यांत जो आनंद होता तो तिच्यापेक्षा कणभरही कमी नव्हता.

आणि बघा योग कसा, उद्धवरावांचा फोन वाजला. पुण्याचे मामा. तिकिटाचं विचारत होते. उद्धवरावांनी फोन लेकीच्या हातात दिला.

“तूच सांग बाई.”

“मामा, मी येत न्हाई पुण्याला.”

पलीकडून मोठ्यानं काहीतरी आलं.

“इथंच काम मिळालंय. मोठं काम… न्हाई मामा, नुसतं तेवढंच न्हाई.” ती थांबली. पंगतीच्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. मशीनवाल्याची आंबीलही थांबली होती. तिनं शिवराजकडे पाहिलं, सरळ, चष्म्याआडूनही लपेना असं. “दुसरंबी कारण हाय. त्याचं नाव शिवराज. मेहकरचा हाय… मला लई आवडतो. त्याला अजून सांगितलं न्हाई मी.”

 सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. शिवराजच्या हातातला उंडा पानात पडला.

“मी…” तो त्या नुकत्याच सुटलेल्या आवाजात म्हणाला आणि पानावरून पुढं झाला. मग तो विजयश्रीकडे नाही, थेट उद्धवरावांकडे वळला. “काका, मी रोज जिना चढताना ठरवायचो, आज सांगायचं. रोज. मलाबी हीच पायजे. दुसरी कुणीच नको.”

उद्धवरावांनी सासऱ्याच्या नजरेनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग जगदेवप्पांकडे पाहिलं.

“कसं हाय घर?”

“घर काय बघतोस? पोरगं माझ्या हाताखालचं हाय. वाटेनं जाणाऱ्या म्हातारीचं ओझं उचलतंय, एवढं बास न्हाई का तुला?” असं म्हणून जगदेवप्पांनी विजयश्रीच्या हातातला फोन काढून घेतला. पलीकडे मामा अजून हॅलो हॅलो करतच होते.

“मामासाहेब, तिकीट काढाच तुम्ही! पर पोरीचं नका काढू. तुमचं काढा, इकडं यायचं. लग्नाला!”

पंगतीत हशाचा असा कल्लोळ उठला की शेजारच्या रानातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. विजयश्रीचे कान लाल झाले होते. शिवराज तिच्याजवळ आला आणि हळूच, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाला, “मला सांगायच्या आधी मामाला सांगितलंस व्हय गं?”

“तू जिन्यावरच अडकला होतास की रोज,” ती म्हणाली आणि सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.

सुमनबाईंनी आंबीलीचं मडकं उचललं आणि बांधावरच्या लोकांनाही आत बसायला बोलावलं.